दुपारी बारा ते तीन: हवामान बदल आरोग्याचा प्रश्न कसा झाला

मार्च उजाडला की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक पत्रक लागतं. वर सूर्याचं लालबुंद तोंड, खाली ‘काय करावे’ आणि ‘काय करू नये’ अशा दोन रांगा. तहान नसली तरी पाणी प्या. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. ताक, लिंबूसरबत, पन्हं घ्या. आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत: दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळा. पत्रकात खोट काढण्यासारखं काही नाही. एकेक सूचना वैद्यकशास्त्राला धरून आहे. पण समोरच्याच रस्त्यावर दुपारी दीड वाजता खडीवर डांबर ओतणाऱ्या बाईने ते वाचून नेमकं काय करायचं? खाडा? आणि त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची?

हवामान बदल हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे वाक्य आता सरकारी भाषणांत इतकं रुळलं आहे की ते कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असेल हे जाणवतही नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा विषय म्हणजे वितळणारे हिमनग, अस्वलांची चित्रं आणि कार्बनचे टन असा होता. तो शास्त्रज्ञांचा आणि परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांचा प्रांत. तो दवाखान्यात कसा आला आणि आल्यामुळे कुणाच्या पदरात काय पडलं, याची ही मागची गोष्ट. ती १९९२ च्या रिओ परिषदेपासून सांगण्याची रीत आहे. मी ती १८७७ पासून सांगणार आहे, कारण हवामानाचं संकट शरीराच्या भाषेत मांडलं की काय होतं, याचा अनुभव आपल्याकडे रिओच्या बराच आधीचा आहे.

एक रतल धान्य

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात फसला. त्यामागे प्रशांत महासागरातला एल निनो होता, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हाच्या लोकांना एवढंच दिसत होतं की विहिरी आटल्या आणि धान्य बाजारात असूनही परवडत नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली. व्हाइसरॉय लिटन यांनी खर्चावर लगाम घालायला सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. हे तेच टेंपल, ज्यांनी १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका खाल्ला होता. या वेळी ते धडा शिकून आले होते. खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसे. बायकांना, पोरांना त्याहून कमी. रतल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला हरकत घेतली. हा माणूस क्रांतिकारक नव्हता, सरकारी डॉक्टर होता. त्यांनी माणुसकीचा हवाला दिला नाही, तुरुंगातल्या कैद्यांच्या शिध्याचे तक्ते पुढे ठेवले. मेहनत करणाऱ्या माणसाला किमान दीड रतल धान्य आणि सोबत डाळ, भाजी लागते. एका रतलावर तो काम करत करत मरतो. मग छावण्यांतले मृत्यूचे आकडे येऊ लागले आणि त्यांचं म्हणणं खरं ठरत गेलं. १८७७ मध्येच मद्रासला मजुरी वाढवावी लागली.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात दुसऱ्या भाषेत हीच मागणी चालू होती. कमी केलेली मजुरी नाकारून लाखभर माणसं दुष्काळी कामं सोडून निघून गेली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. डॉक्टर शरीराबद्दल बोलत होता, मजूर मजुरीबद्दल. दोघे मागत होते तेच: तो अर्धा रतल. दक्षिण भारतात त्या दोन वर्षांत मेलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो, तेव्हा हा विजय म्हणावा की नाही हा प्रश्नच आहे. पण माझ्या मते आरोग्याची भाषा कधी न्यायाच्या उपयोगी पडते याचा हा पहिला चांगला पुरावा आहे. ती तापमापकापाशी थांबली नाही, हजेरीपटापर्यंत गेली.

प्लेगची आठवण

आणि कधी उपयोगी पडत नाही याचा पुरावा वीस वर्षांनी मिळाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरातलं आणि माजघरातलं सामान रस्त्यावर आलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी काय केलं ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. एकाच रोगाचे, एकाच शहरातले हे दोन प्रकारचे ‘आरोग्यकार्य’. एकात माणूस वाचवायचा होता, दुसऱ्यात माणसापासून शहर वाचवायचं होतं.

मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. कारण आरोग्याचंच: हवा खेळावी, उजेड यावा. रस्ते रुंद झाले, दाट वस्त्या पाडल्या गेल्या. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या जागी गरिबाला परवडतील अशा पुरेशा खोल्या झाल्या नाहीत. माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. आज ‘हवामानसक्षम शहर’ या नावाखाली नाल्याकाठची वस्ती हलवण्याची चर्चा निघाली की मला हा ट्रस्ट आठवतो. हेतूवर शंका घ्यायची गरज नसते, खोल्या मोजाव्या लागतात.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने तिसऱ्याच चौकटीत बसवला. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, कामावर वाटलेली सुकडी, पाझर तलावांचे मातीचे बांध, हे सगळं अजून सत्तरीतल्या माणसांच्या बोलण्यात येतं. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे पाऊस न पडण्याच्या संकटाला इथे उत्तर मिळालं ते ‘काम मागेल त्याला काम’ या हक्काचं. त्यात उणिवा होत्याच. हजेरीपटांतले घोटाळे हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण सरकारवर बंधन होतं. नुसती सूचना नव्हती.

हिमनगापासून शवागारापर्यंत

आता जगाकडे वळू. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हवामान बदलाच्या आरोग्यावरील परिणामांचा अहवाल काढला, तो फारसा कुणी वाचला नाही. १९९२ च्या रिओ करारात ‘दुष्परिणाम’ या शब्दाच्या व्याख्येत मानवी आरोग्य आलं, पण पुढची दहा-पंधरा वर्षं वाटाघाटी झाल्या त्या टनांवर आणि तारखांवर. आरोग्य व्याख्येतच राहिलं.

चित्र बदललं ते दोन उन्हाळ्यांनी. जुलै १९९५ मध्ये शिकागोत काही दिवसांच्या उष्णतेत सातशेहून अधिक माणसं गेली. ऊन सगळ्या शहरावर सारखंच होतं, मृत्यू मात्र एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे आणि ओस पडत चाललेल्या गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्त्यांतले जास्त. मग ऑगस्ट २००३. युरोपभर मिळून अंदाजे ७०,००० जादा मृत्यू, त्यांतले सुमारे १५,००० एकट्या फ्रान्समध्ये. सगळं पॅरिस सुट्टीवर गेलेलं, मंत्रीही. शवागारं भरली तेव्हा रंजिसच्या घाऊक बाजारातलं शीतगृह वापरावं लागलं. श्रीमंत देशाच्या राजधानीत प्रेतं भाजीबाजारात ठेवावी लागतात, हे दृश्य कुठल्याही आलेखापेक्षा जास्त बोललं.

फ्रान्सने पुढच्याच वर्षी उष्णतेचा आराखडा केला, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या याद्या केल्या. वृद्धांच्या सेवेचा पैसा उभा करायला एक ‘एकोप्याचा दिवस’ही काढला: कामगारांनी वर्षातून एक दिवस बिनपगारी जास्त काम करायचं. म्हणजे ऊन लागलं म्हाताऱ्यांना आणि घाम गाळायचा कामगारांनी. तिथे यावर बरीच खडाजंगी झाली.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य दिनाचा विषय हवामान बदल होता. २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हवामान बदलाला एकविसाव्या शतकातला आरोग्यावरचा सर्वांत मोठा धोका ठरवलं; २०१५ च्या दुसऱ्या अहवालाने तोच मुद्दा उलटा करून, त्यावरची कृती ही आरोग्याची सर्वांत मोठी संधी ठरू शकते, असं म्हटलं. हा बदल वरवरचा नव्हता. अमेरिकेत काही संशोधक याच काळात लोकांपुढे एकच बातमी वेगवेगळ्या चौकटींत ठेवून पाहत होते. पर्यावरणाची चौकट, राष्ट्रीय सुरक्षेची चौकट, आरोग्याची चौकट. आरोग्याच्या चौकटीने लोकांना चीड येण्यापेक्षा आशा वाटते, असं त्यांना आढळलं. प्रचार करणाऱ्यांना हे फार सोयीचं वाटलं. मला मात्र इथे थोडं थबकावंसं वाटतं. ज्याचं शेत तिसऱ्यांदा वाहून गेलं त्याला आशा वाटली नाही आणि चीड आली, तर चूक चौकटीची की त्याची?

तरी ही चौकट म्हणजे नुसती प्रसिद्धीची युक्ती नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २००९ मध्ये हरितगृह वायू सार्वजनिक आरोग्याला घातक असल्याचा निष्कर्ष नोंदवला आणि गाड्यांच्या धुरावरचे पुढचे नियम त्या एका खुंटीवर उभे राहिले. ती खुंटी किती पक्की होती याचा दाखला म्हणजे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हात घातला तो थेट त्या निष्कर्षालाच. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून अधिक वयस्कर बायकांच्या संघटनेने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात आपल्या सरकारविरुद्ध खटला जिंकला. त्यांचं म्हणणं साधं होतं: उष्णतेच्या लाटेत आमच्या वयाच्या बायका जास्त मरतात आणि सरकार पुरेसं करत नाही.

पॅरिस करारातला एक बारकावा सांगण्यासारखा आहे. २०१५ च्या त्या कराराच्या प्रस्तावनेत ‘आरोग्याचा अधिकार’ आला, आणि ‘हवामान न्याय’ हा शब्दही आला. पण न्यायाचा उल्लेख करताना शब्दरचना अशी की ही संकल्पना ‘काहींसाठी’ महत्त्वाची आहे. आरोग्य सगळ्यांचं, न्याय काहींचा. वाटाघाटीच्या टेबलावर कोणता शब्द स्वस्त पडतो आणि कोणता महाग, हे त्या दोन ओळींत दिसतं.

अहमदाबादचा मे महिना

भारताने ३० जून २००८ ला हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियानं होती: सौरऊर्जा, पाणी, हिमालय, शेती वगैरे. आरोग्य त्यांत नव्हतं. ते शिकवलं अहमदाबादने.

२१ मे २०१० ला तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका दिवशी शहरात नेहमीच्या सुमारे तिप्पट मृत्यू झाले. पण उष्माघात म्हणून अधिकृत नोंद झालेल्यांचा आकडा शंभराच्या आतच होता. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. दिलीप मावळणकर आणि सहकाऱ्यांनी वेगळं काम केलं. कारण काय लिहिलंय हे बाजूला ठेवून महापालिकेच्या मृत्यू नोंदवहीतली सगळी नावं मोजली आणि आदल्या-नंतरच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिली. फरक निघाला १,३४४ चा.

हा फरक कुठून येतो ते समजून घ्यायला हवं, कारण सगळा न्याय-अन्याय तिथेच दडलाय. उष्माघाताचं निदान करायचं तर शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेल्याची नोंद हवी. पण माणूस उन्हातून घरी येतो, पडतो, रात्री जातो. आणलं तेव्हा शरीर निवलेलं असतं. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं येतं. ते खोटं नसतं. शेवटी हृदय बंद पडतंच. किडनीचा जुना आजार, मधुमेह, दम, हे सगळे उन्हात आपापला हिशेब चुकता करून घेतात आणि ऊन नामानिराळं राहतं. मग त्या घराला भरपाई नाही, कारण कागदावर ऊन नाही. २०२२ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत उष्माघाताचे ७३० मृत्यू होते. आरोग्य यंत्रणेकडचा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. एकाच देशात, एकाच उन्हाळ्यात किती माणसं मेली हे कुणाची वही उघडता यावर ठरतं.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आणला. रंगांचे इशारे: ४१ अंशांपासून पिवळा, ४३ च्या पुढे नारिंगी, ४५ ला लाल. पाणपोया, रुग्णवाहिकांत बर्फाच्या पिशव्या, दुपारी कुलूप लागणाऱ्या बागा उघड्या ठेवणं. बाग दुपारी उघडी ठेवणं यात काय मोठं, असं वाटेल. पण हातगाडीवाल्याला शहरात दुपारी झाडाखाली बसण्याचा हक्क असलेली दुसरी जागा नसते. आणि एक गोष्ट तर इतकी साधी की तिचं कौतुक करताना अवघडल्यासारखं होतं. शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला, आणि उन्हामुळे अतिदक्षता विभागात येणारी नवजात बाळं लक्षणीयरीत्या कमी झाली. औषध नाही, यंत्र नाही. जिने उतरले, एवढंच.

पुढच्या एका अभ्यासात या आराखड्यामुळे वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. २०१५ मध्ये आंध्र आणि तेलंगणात दोन हजारांहून अधिक माणसं गेल्यावर दिल्लीलाही जाग आली. २०१६ मध्ये नागपूर आणि आसपासच्या शहरांचा आराखडा झाला. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे ४५ अंशांची बातमीही होत नाही, तिथे तो आधीच हवा होता. २०१९ मध्ये हवामान बदल आणि मानवी आरोग्य हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आराखड्यांचं पीक आलं. २०२३ मध्ये सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने अशा ३७ आराखड्यांची तपासणी केली तेव्हा सर्वाधिक धोका नेमका कुणाला, याचं रीतसर मूल्यमापन फक्त दोनांत सापडलं. बाकीच्यांत ‘वृद्ध, बालके, गरोदर माता’ ही यादी एकमेकांवरून उतरवलेली. सोलापुरात पत्र्याच्या खोलीत बसून विडी वळणारी बाई ‘घरात थांबा’ हा सल्ला तंतोतंत पाळत असते. तिच्या डोक्यावरचा पत्राच तिला भाजतो. ती कुठल्या रकान्यात बसते?

खाडा

पैशाचा रकाना तर आणखी अरुंद. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, गारपीट आहे, कीडहल्लाही आहे. थंडीची लाट आहे. उष्णतेची लाट मात्र २०२४ च्या त्या भयंकर उन्हाळ्यापर्यंत तरी त्यात नव्हती. राज्यांनी आपल्या आपत्ती निधीतल्या दहा टक्क्यांत हवं तर बसवावं, अशी मुभा होती; तमिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं केलं. आता पाहा: वीज पडून मेला तर भरपाई कुठून हा प्रश्न, उन्हाने मेला तर कुठून हा प्रश्न, पण थंडीने मेला तर चार लाख रुपयांची वाट मोकळी. उष्णता आपत्ती नव्हे, आरोग्याचा विषय मानली गेली, त्याचा हा एक परिणाम. आरोग्य विषय झाला की तो आरोग्य खात्याचा होतो, आणि आरोग्य खात्याकडे ना मजुरी ठरवायचा अधिकार, ना कामाची वेळ, ना घराचा पत्रा.

बीडचं उदाहरण याच कारणाने मला राहून राहून आठवतं. कोरडवाहू शेती, हुलकावणी देणारा पाऊस, दसरा झाला की उचल घेऊन कारखान्यावर निघालेल्या टोळ्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकाने दिवस बुडवला तर मुकादम खाडा धरतो, पैसे कापतो. पाळीत, अंगावर जात असताना, पांढऱ्या पाण्याचा त्रास असताना खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली; १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. याला एकटं हवामान जबाबदार नाही, तसं कुणी म्हणूही नये. पण उपाय काय निघाला ते बघा. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. योग्यच झालं. खाडा मात्र होता तिथेच राहिला. मजुरीच्या दुखण्यावर बाईच्या पोटात इलाज केला गेला होता. तो इलाज थांबवला, दुखणं नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हाच पेच वेगळ्या कपड्यांत दिसतो. ३ डिसेंबर २०२३ ला दुबईच्या हवामान परिषदेत पहिल्यांदाच आरोग्याला एक अख्खा दिवस मिळाला. १२० हून अधिक देशांनी हवामान आणि आरोग्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्या जाहीरनाम्यात कोळसा, तेल, वायू यांचं नावही नव्हतं. धुराबद्दल बोलायचं आणि चुलीबद्दल नाही, असला प्रकार. भारताने सही केली नाही. रुग्णालयांतल्या शीतकरणातून होणारं उत्सर्जन कमी करण्याचं बंधन आपल्याला इतक्यात झेपणारं नाही, हे कारण तेव्हा छापून आलं. भारत मागे हटला म्हणून टीका झाली. पण जिथे जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात पंखाही धड फिरत नाही, तिथे थंड हवा कमी करण्याच्या कलमाकडे संशयाने बघणं अगदीच गैर नव्हतं. कोळशाच्या प्रश्नावर भारतालाही ती गाळलेली जागा सोयीचीच होती, हेही खरं.

काही महिन्यांनी, २१ मार्च २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात निकाल दिला. वाद विजेच्या तारा जमिनीखालून न्यायच्या की नाही हा. पण सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जाता जाता हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा अधिकार घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांत शोधला. २१ वं कलम जगण्याचं. आरोग्य त्यातून येतं. १४ वं समानतेचं. ही दोन कलमं एकत्र वाचली हे महत्त्वाचं. तापमान, डासांचे आजार, पिकं बुडणं यांचा मार ज्यांना सोसवत नाही त्यांच्याबाबत तो समानतेचाही भंग ठरतो. यावर प्रत्यक्ष कायदा व्हायचा आहे.

मजुरीपर्यंत पोचण्याचे प्रयत्न तुरळक आहेत. कतारने २०२१ मध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम कायद्याने बंद केलं. ते विश्वचषकाच्या निमित्ताने झालेल्या टीकेनंतर, उपरती होऊन नव्हे. तरी कतारमध्ये राबणाऱ्या आपल्या माणसांना तो कायदा लागू आहे. भारतात केंद्रीय कामगार मंत्रालय दर उन्हाळ्यात राज्यांना कामाच्या वेळा बदलण्याविषयी पत्र पाठवतं. पत्रच. ‘सेवा’ या स्त्रियांच्या कामगार संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेत २१,००० सभासदांसाठी उष्णतेचा विमा काढला: पारा ठरावीक रेषेपलीकडे गेला की दवाखान्याचा कागद न मागता बुडालेल्या रोजाचे पैसे. पहिल्या वर्षी रेषा ओलांडली गेली नाही, कुणाला दमडी मिळाली नाही. पुढच्या वर्षी राजस्थान आणि महाराष्ट्र धरून सभासद ५०,००० झाल्या, आणि पैसे मिळाले. रक्कम लहान होती. पण त्यात आजारी पडून दाखवायची अट नव्हती.

महाराष्ट्राच्या वाट्याला या इतिहासातलं जे ताजं पान आलं ते १६ एप्रिल २०२३ चं. खारघरच्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा, भर उन्हात तासन्‌तास बसलेले श्रीसदस्य (पुरस्कार मिळालेल्या आप्पासाहेब धर्माधिकारी यांचे अनुयायी), चौदा मृत्यू. पारा चाळिशीच्या आतच होता, पण किनाऱ्याची दमट हवा घाम सुकू देत नाही आणि घाम सुकला नाही की शरीर निवत नाही. तीन दिवसांत सरकारने ठरवलं की उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. जवळच उलव्याला नवी मुंबईच्या विमानतळाचं काम तेव्हा चालू होतं. ते, आजूबाजूच्या इमारतींचे सांगाडे आणि उड्डाणपुलांचे खांब त्या निर्णयाच्या कक्षेत येत नव्हते.